कार्यालय नसलेल्या संस्थेचा जमाखर्च

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की नोंदणी क्रमांक, पहिल्या कार्यकारिणीचा फोटो, इमारत निधीच्या देणगीदारांची यादी आणि कोनशिलेची तारीख एवढं तरी हाताशी असतं. ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या मुंबईच्या गटाच्या बाबतीत यातलं काहीच मिळत नाही. १९८० साली सुरू झालेल्या या गटाला अध्यक्ष नाही, पगारी माणूस नाही, हक्काची खोली नाही. पत्रकांवर नाव ‘नारी अत्याचार विरोधी मंच’, कार्यकर्त्यांच्या तोंडी नुसतं ‘फोरम’. तरी बलात्काराच्या कायद्यातला बदल, गर्भलिंगनिदानावरची बंदी, हुंडाबळींच्या विरोधातले मोर्चे, समलिंगी स्त्रियांच्या हक्काची मागणी यांपैकी कुठल्याही विषयाचा मुंबईतला माग काढला तर हे नाव भेटतंच. पनवेलकरांना ते आठवायचं कारण वेगळं आहे. २००५ मध्ये डान्सबारवरून राज्य पेटलं तेव्हा, पनवेलमध्ये अजिबात लोकप्रिय नसलेली बाजू ज्या गटांनी घेतली त्यांत फोरम होता.

या गटाचा इतिहास त्याच्या खिशावरून सांगणं सोयीचं पडतं, कारण खिसा कुणी भरायचा या प्रश्नावर त्याने पहिल्या काही वर्षांतच निर्णय घेतला आणि पुढचं बरंचसं त्यातून ठरत गेलं.

सुरुवात मथुरा प्रकरणातून झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईतल्या बायका एकत्र आल्या त्या ‘फोरम अगेन्स्ट रेप’ या नावाने. आठ मार्चला मुंबईसह अनेक शहरांत मोर्चे निघाले. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, कायदा बदलला.

पण बैठकांना येणाऱ्या बायका केवळ बलात्काराबद्दल बोलत नव्हत्या. नवऱ्याचा मार, सासरचा जाच, घराबाहेर काढलं तर जायचं कुठे, हे प्रश्न रोज दारात उभे राहू लागले. नावातला ‘रेप’ गेला आणि ‘ऑप्रेशन’ आलं. फ्लेविया अॅग्नेस याच काळात, स्वतः घरातला मार सोसत असताना, या बैठकांना आल्या आणि पुढे वकील होऊन ‘मजलिस’ उभी केली. सोनल शुक्ल यांचं घर तेव्हा बैठकीची जागाही होतं आणि संकटात सापडलेल्या बाईचा पत्ताही.

अशा गटाला लागायचं किती? स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, पोस्टरचा रंग आणि पुठ्ठा, एखाद्या गावी चौकशीला जायचं तर एसटीचं किंवा दुसऱ्या वर्गाचं तिकीट, वकिलाकडे कागद टाइप करून घेण्याचा खर्च, चहा. हे सदस्यांच्या वर्गणीतून आणि ओळखीपाळखीच्यांच्या छोट्या देणग्यांतून भागत असे. मोठा खर्च आला की तेवढ्यापुरती गोळाबेरीज. १९८० च्या डिसेंबरात मुंबईत स्त्री-चळवळीची राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे पाटणा, कालिकत, तिरुपती, रांची, कोलकाता अशी ती फिरत राहिली. या परिषदांनी सरकार, पक्ष आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्यापासून अंतर राखलं. येणारीने आपलं भाडं भरायचं, मिळेल तिथे पथारी टाकायची. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना भाषणांपेक्षा रात्रीची गाणी जास्त आठवतात.

खरी ओढाताण सुरू झाली ती मदत केंद्रावरून. आज मार खाऊन आलेल्या बाईला ‘शनिवारच्या बैठकीला या’ असं सांगता येत नाही. तिला आज कुणीतरी भेटलं पाहिजे, उद्याही तिथेच भेटलं पाहिजे, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला दुपारी मोकळं असलेलं माणूस हवं. म्हणजे जागा हवी, भाडं हवं, पगार हवा. फोरमच्याच काही जणींनी म्हणून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ‘विमेन्स सेंटर’ हे वेगळं केंद्र काढलं. ते नोंदलं गेलं, त्याचे हिशेब तपासले जाऊ लागले. फोरम मात्र मोहिमांचा गट म्हणून, बिननोंदणीचा आणि बिननिधीचा राहिला. वाद झालेच. नंदिता गांधी आणि नंदिता शहा यांनी १९९२ साली आलेल्या ‘द इश्यूज अॅट स्टेक’ या पुस्तकात चळवळीतल्या या पैशाच्या भांडणाची दखल घेतली आहे. एका बाजूचं म्हणणं, पैसा आला की अहवाल आला, अहवाल आला की वरिष्ठ आला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बिनपगारी काम ज्यांना परवडतं अशाच बायकांची चळवळ मग उरते. दोघींचंही बरोबर होतं. इतक्या वर्षांनी पाहता दुसरा मुद्दा जास्त बोचतो, कारण फुकट वेळ देऊ शकणारी बाई बहुधा शहरातली, शिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या तरी पगारावर जगणारी असते.

महाराष्ट्राला हा पेच नवा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक काढलं, व्याख्यानं दिली आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं ठरावीक रक्कम पाठवण्याचा शब्द तिथल्या मंडळांनी दिला आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पण पैसा परक्या धर्माच्या लोकांचा आहे, हा संशय सदनाची पाठ सोडेना. मुली ख्रिस्ती होऊ लागल्याची ओरड झाली तेव्हा पालकांनी मुली काढून नेल्या. धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार फिरून, मूठ-मूठ जमवून पैसा उभा केला. त्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि १९२० पासून विद्यापीठाला देणगीदाराच्या मातोश्रींचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज ‘एसएनडीटी’ म्हणताना त्या आद्याक्षरांत एक देणगीचा करार आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. स्त्रीशिक्षणासाठी कर्व्यांनी ही अट मान्य केली, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणायला जीभ धजत नाही.

त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी उलटी वाट धरली. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालवलं. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी आधीच गेली होती, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिकतेवर मराठीत मोकळं बोलणारं हे मासिक कुण्या दात्याच्या कृपेवर असतं तर पहिल्या खटल्यालाच मिटलं असतं.

फोरमच्या शेजारीच, पण वेगळ्या हिशेबाने वाढलेली संस्था म्हणजे स्त्री मुक्ती संघटना. १९७५ साली मुंबईत सुरू झालेल्या या संघटनेने तिकिटाचा आणि मानधनाचा मार्ग काढला. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये रंगमंचावर आलं. नेपथ्य जवळजवळ नाहीच, लोकगीतांच्या चाली, आणि नोकरी-संसार सांभाळून तालमीला येणाऱ्या बायका. बोलावतील तिथे, म्हणजे शाळेच्या पटांगणात, चाळीच्या चौकात, कामगार कल्याण केंद्रात, प्रयोग. बोलावणाऱ्यांनी प्रवासखर्च आणि जमेल ते मानधन द्यायचं. या नाटकाचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. निधी जमवणं आणि विचार पोचवणं ही दोन कामं इथे वेगळी करताच येत नव्हती. रात्री प्रयोग संपल्यावर ज्या बाईने दहाची नोट दिली तीच दुसऱ्या दिवशी सल्ला मागायला येई. पुढे संघटनेचं ‘प्रेरक ललकारी’ हे मासिक वर्गणीवर निघालं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कचरा वेचणाऱ्या बायकांचं ‘परिसर विकास’ हे काम उभं राहिलं आणि या ‘परिसर भगिनीं’नी सुका कचरा वेगळा करून विकणं, ओल्या कचऱ्यापासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ तंत्राने गॅस करणारी संयंत्रं चालवणं अशी कामं घेतली. इथे लाभार्थी बाई स्वतःच कमावती झाली.

नाटक लावून चळवळ पोसण्याची युक्ती मराठी माणसाला अंगवळणी पडलेली होती. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकलाकारांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ला पैसे मिळवून दिले. निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, अशी ती योजना. मागे बाबा आढाव, पुष्पा भावे, नरेंद्र दाभोलकर अशी माणसं. कामाला पैसा सगळे देतात, काम करणाऱ्याच्या पोटाला कुणी देत नाही, ही चळवळीतली जुनी तक्रार त्यांनी नेमकी पकडली होती.

जगातही याच सुमारास बायकांनी बायकांसाठी स्वतंत्र निधी उभारायला सुरुवात केली होती. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली ‘अॅस्ट्रिया’, अॅमस्टरडॅममध्ये १९८३ साली ‘मामा कॅश’. मामा कॅश काढणाऱ्या पाचही जणी समलिंगी स्त्रीवादी. मूळ भांडवल त्यांच्यातल्या मार्यान साक्स यांना वारशाने मिळालेलं. नेपाळात रीता थापा यांनी १९९६ मध्ये ‘तेवा’ काढली ती मात्र अगदी आपल्याकडची वाटावी अशी. परदेशी पैशापेक्षा नेपाळी माणसांच्याच छोट्या देणग्या आणि त्यातून गावोगावच्या महिला गटांना मदत.

भारतात परदेशी पैशावर आधीपासून पहारा होता. आणीबाणीत, १९७६ साली, विदेशी देणग्यांचा कायदा आला. परवाना असलेली मोठी संस्था दिल्ली-मुंबईत पैसा घेई आणि तिच्यामार्फत तो तालुक्याच्या गटापर्यंत झिरपे. नव्वदच्या दशकात स्त्रियांच्या प्रश्नांवर हा झरा बराच वाहिला आणि ‘एनजीओ’ हा शब्द पनवेलच्या एसटी स्टँडवरही समजू लागला. फोरमने त्यात हात घातला नाही.

फोरमसारख्या गटांत कामाला येणाऱ्या काही जणींनी १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ सुरू केला. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचा हा मुंबईतला गट पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. त्याच सुमारास फोरमने स्त्रीपुरुष समतेच्या कौटुंबिक कायद्याचा स्वतःचा मसुदा केला आणि त्यात समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाचाही विचार केला. देशात याबद्दल वर्तमानपत्री चर्चासुद्धा धड सुरू झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तेव्हा अशा बायकांना एकमेकींचे पत्ते मोठ्या जपणुकीने सांभाळावे लागत. लेबियानेही स्वायत्त राहायचं, निधीवर चालायचं नाही, असंच ठरवलं. ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं हाती-हाती विकलं जाणारं नियतकालिक निघालं. २००३ साली मुंबईत ‘लर्झिश’ हा लैंगिकतेच्या विविधतेवरचा चित्रपट महोत्सव झाला. खर्च मात्र महोत्सवापेक्षा रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनचा जास्त असे. दोन मुली घरातून पळून आल्या आहेत, एकीच्या वडिलांनी पोलिसांत ‘अपहरणा’ची तक्रार दिली आहे. मग लगेच हवं काय? रेल्वेचं तिकीट, आठवडाभर राहायला एखादं घर, नवं सिमकार्ड, वयाच्या दाखल्याची प्रत, जबाबाच्या वेळी सोबत उभा राहील असा वकील. अशा कामाचा प्रस्ताव आधी तीन महिने लिहून मंजूर करून घेता येत नाही.

पुरुषांच्या बाजूला गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ नोंदवला आणि सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत संस्थेला जागा मिळाली. सरकारी दाराने आत येता आलं त्यामागचं कारण एड्स. समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते आणि त्याच वेळी त्या ‘गुन्हेगारां’पर्यंत निरोध पोचवायला सरकारचाच एड्स नियंत्रण कार्यक्रम पैसा देत होता. २०१० नंतर ग्लोबल फंडाच्या मदतीने ‘पहचान’ हा प्रकल्प आला आणि पुरुष समलिंगी व तृतीयपंथी यांचे छोटे गट अनेक राज्यांत उभे राहिले. त्यांना कार्यालयं मिळाली, संगणक मिळाले, मुख्य म्हणजे नोकऱ्या मिळाल्या. कित्येक तृतीयपंथी व्यक्तींच्या आयुष्यातला पहिला पगार ‘आउटरीच वर्कर’ म्हणून आला, ही लहान गोष्ट नाही. पण हिशेब चाचण्यांचा, निरोधांचा, महिन्याच्या संपर्कांचा होता. आजाराच्या नकाशात ज्या बसत नव्हत्या त्या समलिंगी स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष यांच्या वाट्याला या पैशातलं जवळपास काही आलं नाही. कुणाला मदत मिळणार हे विषाणूने ठरवलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आणि प्रकल्प संपला की भाड्याची खोलीही सोडावी लागे.

आता पनवेल.

सिडकोने नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, शेतकरी मेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा प्लॉट म्हणून परत देण्याची योजना आली. मोबदल्याचा आणि प्लॉटचा पैसा घरात आला तेव्हा महामार्गालगत बारही आले. नवरा आणि मुलगा रात्रीतून लाखाची रक्कम उधळून येतात, ही तक्रार गावोगावच्या बायकांची होती आणि ती खोटी नव्हती. पनवेलचे तेव्हाचे आमदार विवेक पाटील यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला. मार्च २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. आधी मुंबईबाहेरच्या बारसाठी, मग मुंबईसकट सगळीकडे. स्वातंत्र्यदिनापासून बंदी लागू झाली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना आणि क्लबांना मात्र कायद्याच्या दुसऱ्याच कलमाने सूट होती.

स्त्री-संघटनांतच उभी फूट पडली. बंदीला पाठिंबा देणाऱ्यांत वर्षानुवर्षं दारूबंदीसाठी झटलेल्या बायका होत्या. फोरमने विरोध केला, पण आधी एक काम केलं. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राबरोबर पाहणी हाती घेतली. ५० बारमधल्या ५०० नर्तकींना गाठून विचारलं, तू कुठून आलीस, घरी कोण, मिळतं किती, त्यातलं पाठवतेस किती. उत्तरं ‘उधळपट्टी’च्या गोष्टीत बसणारी नव्हती. बऱ्याच जणी पिढीजात नाच-गाण्यावर जगणाऱ्या जातींमधल्या होत्या आणि त्यांच्या कमाईवर गावाकडची मोठी कुटुंबं उभी होती. बंदीनंतर दुसरी पाहणी झाली. ठाकरसींच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचं नाव आणि हिशेबाची वहीही नसलेल्या गटाचे पाय, अशी ही जोडी जमली.

पैशाचा मुद्दा इथे कधी नव्हे इतका कळीचा होता. बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात बारमालक गेले, हॉटेलवाल्यांची संघटना गेली, बारबालांची युनियन गेली. बारमालकांकडे पैसा भरपूर होता आणि ‘या बायका मालकांच्या पैशावर नाचतात’ हा आरोप तयारच होता. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आपली याचिका वेगळी ठेवली. मालकांचा एक रुपया जरी तिच्यात आला असता, तरी पनवेलच्या सभांत त्या याचिकेचं काय झालं असतं ते सांगायला नको. १२ एप्रिल २००६ रोजी न्या. रेबेलो आणि न्या. रोशन दळवी यांनी बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदा केला, पुन्हा स्थगिती, २०१६ मध्ये आणखी एक कायदा, आणि १७ जानेवारी २०१९ ला त्यातल्याही जाचक अटी न्यायालयाने काढल्या.

मात्र पनवेलमध्ये फोरमला या लढाईतून एकही नवी वर्गणीदार मिळाली असेल असं वाटत नाही. खटला जिंकला, पण जिच्या नवऱ्याने जमिनीचा पैसा उडवला त्या आगरी घरातल्या बाईशी बोलणं राहून गेलं. स्वतःच्या वर्तुळातून पैसा जमवणाऱ्या गटाचं हे दुखणं आहे. कुणाचा दबाव नाही, तसं कुणाकडे जाऊन हात पसरण्याची गरजही नाही. स्त्री मुक्ती संघटनेला प्रयोग लावण्यासाठी गावातल्या महिला मंडळाच्या पायऱ्या चढाव्या लागत. त्या चढण्यात ओळख होई, वादही होई. तालुक्यातल्याच तारा गावी काम करणाऱ्या युसुफ मेहेरअली सेंटरने साबण, घाण्याचं तेल, मातीची भांडी विकून कामाला आधार दिला, तेव्हा गिऱ्हाईक आणि कार्यकर्ता रोज समोरासमोर येत राहिले. फोरमला असं दुकान नव्हतं.

दरम्यान पैशाचे नियम पुष्कळ बदलले. २०१४ पासून ठरावीक नफ्यापलीकडच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग झालं. तळोजा आणि पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्याच्या कुशीत असलेल्या पनवेलला तर हा पैसा दाराशी आला. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता आहे, बायकांची वसतिगृहं आहेत. समलिंगी किंवा पारलिंगी असा उल्लेख नाही. शिवाय २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ अर्ज भरून नोंदणी करावी लागते, त्यासाठी आयकर सवलतीचं १२ए आणि ८०जी हवं, त्यासाठी धर्मादाय नोंदणी आणि तपासलेले हिशेब हवेत. शिवणयंत्रं वाटली की फोटो निघतो, सॅनिटरी पॅडचं यंत्र बसवलं की फलक लागतो. पळून आलेल्या मुलींना लपवून ठेवण्याच्या कामाला फलक कुठे लावणार?

सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणग्यांचा कायदा आणखी आवळला गेला. परवानाधारक संस्थेने मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि प्रत्येकाने दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं उघडायचं ठरलं. मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या गटाकडे येणारा झरा तिथेच थांबला. समुपदेशकाचा पगार हा कायद्याच्या भाषेत ‘प्रशासकीय’ की ‘कार्यक्रमाचा’, यावर हिशेबनिसांच्या बैठका झडू लागल्या. करोनाचं वर्ष होतं; घरात कोंडलेल्या बायकांचे आणि ज्यांना घर हाच धोका होता अशा समलिंगी-पारलिंगी मुलामुलींचे फोन त्याच महिन्यांत वाढले होते.

अशा वेळी पुन्हा वैयक्तिक देणगीकडे वळावं लागलं, फक्त झोळीची जागा मोबाइलने घेतली. मालाड-मालवणीत ‘सखी चारचौघी’ ट्रस्ट चालवणाऱ्या गौरी सावंत यांनी देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ‘नानी का घर’ उभारताना लोकवर्गणी मागितली. २०१७ मध्ये एका औषधाच्या जाहिरातीमुळे त्या घराघरांत पोचल्या होत्या, त्याचाही हातभार लागला. मुंबईचा अभिमान मोर्चा २००८ पासून ‘क्विअर आझादी मुंबई’ भरवते, त्याच्या खर्चासाठी समाजातूनच देणग्या गोळा होतात. दरवर्षी प्रश्न तोच येतो, मोठ्या कंपनीचा फलक मोर्चात घ्यायचा की नाही. यावर एकमत झाल्याचं ऐकिवात नाही.

चेहरा दाखवता येतो त्यांना पडद्यावरून मागता येतं. ज्या मुलीने घरी अजून काही सांगितलेलं नाही तिला देणगी मागणाराही नको असतो आणि देणगीची पावतीही नको असते, कारण पावतीवर नाव असतं. लेबियासारख्या गटांना मदत करणाऱ्यांत अशा पुष्कळ जणी आहेत, म्हणून तिथे आजही पैसा ओळखीने, हातातून हातात येतो. नोंदणी नसल्याने ८०जीची सवलत देता येत नाही, कंपनी पैसा देऊ शकत नाही, धनादेशावर गटाचं नाव लिहिता येत नाही. त्याच कारणाने २०२० च्या कायद्याने त्यांचं काही बंदही पडलं नाही. फोरमचे जुने सदस्य आता सत्तरीकडे झुकले आहेत. तीस-चाळीस वर्षं नोकरी करून वर्गणी देणारी ती पिढी निवृत्त होते आहे, आणि नव्याने येणाऱ्या मुली कंत्राटी पगारावर, खारघर-कामोठ्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या आहेत. वर्गणीचा दर त्यांना परवडेल असा ठेवायचा की जुन्यांनी जास्त भरायचं, हा विषय अशा गटांच्या बैठकांत हल्ली वारंवार निघतो.